आयव्हीएफ : यशाची शक्यता कमी असते तेव्हा

आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर फलन घडवण्याचा उपचार, करून घेणाऱ्या सगळ्या जोडप्यांना मूल होण्याची शक्यता सारखी नसते. तीस वर्षांची, गर्भनलिका बंद असलेली पण बीजांडकोश उत्तम चालणारी स्त्री आणि बेचाळीस वर्षांची, इंजेक्शनांनंतरही दोन-तीनच बीजे मिळणारी स्त्री एकाच दवाखान्यात, एकाच डॉक्टरांकडे उपचार घेत असल्या तरी त्यांच्या निकालांत कित्येक पटींचा फरक पडतो. ही दुसऱ्या प्रकारची स्त्री वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने यशाची शक्यता कमी असलेल्या गटात येते. स्त्रीचे वाढलेले वय, बीजांडकोशातला ओसरत चाललेला साठा, गर्भाशयाचे खराब झालेले अस्तर, पुरुषाच्या वीर्यात शुक्राणूच नसणे आणि या उपचाराच्या आधीच्या अनेक फेऱ्या फसणे ही या गटात येण्याची मुख्य कारणे आहेत. त्यांतले वय आणि बीजसाठा यांचा वाटा सर्वांत मोठा असतो.

स्त्रीची बीजे तिच्या जन्माआधीच तयार झालेली असतात. आईच्या पोटात वीस आठवड्यांची असताना मुलीच्या बीजांडकोशांत ६० ते ७० लाख बीजे असतात. जन्माच्या वेळी त्यांतली १० ते २० लाख उरतात, वयात येताना तीन ते चार लाख आणि रजोनिवृत्तीच्या सुमारास हजारभर. सबंध आयुष्यात पाळीच्या चक्रात पक्व होऊन बाहेर पडणारी बीजे चारशे-पाचशेच असतात. बाकीची आपोआप झडून जातात. गर्भनिरोधक गोळ्यांनी किंवा गरोदरपणाने ही झड थांबत नाही. आयव्हीएफच्या इंजेक्शनांनी साठा लवकर संपतो, ही भीतीही निराधार आहे, कारण त्या महिन्यात एरवी झडून गेली असती तीच बीजे या औषधांनी वाढवली जातात. एन्डोमेट्रिओसिसमुळे होणाऱ्या ‘चॉकलेट सिस्ट’च्या शस्त्रक्रिया, कर्करोगासाठी घेतलेली केमोथेरपी किंवा रेडिएशन, काही आनुवंशिक दोष आणि धूम्रपान यांनी मात्र साठा वेळेआधी घटतो.

बीजांची संख्या घटते तसा त्यांचा दर्जाही घसरतो, पण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. प्रत्येक बीज जन्माआधीच विभाजनाच्या अर्ध्या वाटेवर थांबलेले असते आणि ज्या महिन्यात ते पक्व होते त्या महिन्यात ते विभाजन पुढे सरकते. चाळीस वर्षांच्या स्त्रीच्या बीजात गुणसूत्रांच्या जोड्या चाळीस वर्षे एकमेकींना धरून बसलेल्या असतात. त्यांना धरून ठेवणारी प्रथिने काळाबरोबर झिजतात आणि विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांची वाटणी चुकते. एखादे गुणसूत्र जास्त किंवा कमी आले की बहुतेक भ्रूण वाढायचे थांबते, गर्भाशयात रुजत नाही किंवा गर्भपात होतो. डाऊन सिंड्रोमसारख्या मोजक्या दोषांसहच मूल जन्माला येऊ शकते. गुणसूत्रदोष असलेल्या भ्रूणांचे प्रमाण विशीच्या उत्तरार्धात सर्वांत कमी असते. चाळिशीत ते निम्म्याच्या वर जाते आणि त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या सुमारास पाचांतल्या चार भ्रूणांच्याही पुढे पोहोचते. म्हणून साठा कमी असलेल्या एकोणतीस वर्षांच्या स्त्रीला बीजे थोडी मिळतात, पण मिळालेले प्रत्येक बीज तरुण असते. साठा बरा असलेल्या त्रेचाळीस वर्षांच्या स्त्रीची स्थिती याच्या उलट असते. दोघींच्या रिपोर्टांवर ‘शक्यता कमी’ असे लिहिलेले असले तरी दोघींचे भवितव्य सारखे नसते.

साठा मोजण्याच्या दोन चाचण्या रूढ आहेत. एएमएच नावाच्या संप्रेरकाचे रक्तातले प्रमाण पाहिले जाते आणि सोनोग्राफीत बीजांडकोशांतल्या लहान पुटिका, म्हणजे अँट्रल फॉलिकल, मोजल्या जातात. इंजेक्शनांना बीजांडकोश कसा प्रतिसाद देईल याचा अंदाज या चाचण्यांवरून चांगला येतो. बीजाचा दर्जा मात्र त्यांतून कळत नाही. वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या ३० ते ४४ वर्षांच्या स्त्रियांचा अमेरिकेतला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एएमएच कमी असलेल्या स्त्रियांना नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले नाही. त्यामुळे केवळ एएमएचचा आकडा पाहून ‘मूल होणारच नाही’ असे सांगणे चुकीचे ठरते. भारतीय स्त्रियांच्या बाबतीत वयाचा हिशेब आणखी थोडा अलीकडे सरकतो. पाश्चात्त्य देशांत रजोनिवृत्तीचे सरासरी वय ५१ च्या आसपास आहे, तर भारतात ते साधारण ४६-४७ आहे. भारतीय आणि स्पॅनिश स्त्रियांची तुलना करणाऱ्या २०१४ च्या एका अभ्यासात साठा ओसरण्याच्या बाबतीत भारतीय स्त्रिया सुमारे सहा वर्षे पुढे गेलेल्या दिसल्या.

‘कमी प्रतिसाद’ कशाला म्हणायचे यावर डॉक्टरांचे अनेक वर्षे एकमत नव्हते आणि त्यामुळे संशोधनांची एकमेकांशी तुलना होत नसे. युरोपातील तज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये बोलोन्या निकष ठरवले. वय ४० किंवा अधिक असणे किंवा साठा घटवणारे दुसरे कारण असणे, आधीच्या फेरीत तीन किंवा त्याहून कमी बीजे मिळणे आणि साठ्याच्या चाचण्या कमी येणे, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असल्या की स्त्री या गटात धरली जाते. हे निकषही ढोबळ ठरले, कारण तरुण आणि प्रौढ स्त्रिया त्यांत एकत्र येत. २०१६ च्या पोसायडन वर्गीकरणाने ३५ वर्षे वय, दर मिलिलिटरमागे १.२ नॅनोग्रॅम एएमएच आणि पाच फॉलिकल या रेषा आखून चार गट केले : साठा चांगला असूनही अनपेक्षितपणे कमी बीजे मिळालेल्या तरुण आणि प्रौढ स्त्रिया, तसेच साठाच कमी असलेल्या तरुण आणि प्रौढ स्त्रिया. साठा चांगला असलेल्या गटांत औषध किंवा मात्रा बदलून सुधारणा होऊ शकते. चौथ्या गटात, म्हणजे पस्तिशी उलटलेल्या आणि साठा ओसरलेल्या स्त्रियांत, संख्या आणि दर्जा दोन्ही विरोधात जातात.

संख्येला इतके महत्त्व का, हे प्रयोगशाळेतला प्रवास पाहिला की कळते. काढलेल्या दहा बीजांपैकी साधारण आठ पक्व निघतात. त्यांतली सहाएक फलित होतात आणि पाचव्या-सहाव्या दिवसाच्या ब्लास्टोसिस्ट अवस्थेपर्यंत अडीच-तीन भ्रूण टिकतात. बत्तीस वर्षांच्या स्त्रीच्या या तीन भ्रूणांपैकी निदान दोन गुणसूत्रांच्या दृष्टीने निरोगी असण्याची शक्यता असते. बेचाळीस वर्षांच्या स्त्रीला दहा बीजे मिळाली तरी निरोगी भ्रूण सरासरीने जेमतेम एक येते; तीनच बीजे मिळाली तर बहुतेक फेऱ्यांत एकही येत नाही. गोठवून ठेवलेल्या बीजांसंबंधी २०१७ मध्ये अमेरिकेत मांडलेल्या एका गणिती अंदाजानुसार, निदान एका मुलाची ७५ टक्के शक्यता हवी असेल तर ३४ व्या वर्षी १०, ३७ व्या वर्षी २० आणि ४२ व्या वर्षी ६१ बीजे लागतात. बेचाळीसाव्या वर्षी एका फेरीत चार-पाच बीजे मिळणाऱ्या स्त्रीला हा आकडा व्यवहारात गाठता येत नाही.

आयव्हीएफच्या यशाची टक्केवारी कशाने भागून काढली आहे, यावर तिचा अर्थ अवलंबून असतो. लघवीची किंवा रक्ताची चाचणी पॉझिटिव्ह येणे, सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसणे आणि मूल सुखरूप जन्मणे हे तीन वेगवेगळे टप्पे आहेत. चाळिशीनंतर राहिलेल्या गरोदरपणांत गर्भपाताचे प्रमाण तीनांत एकाहून अधिक असते, त्यामुळे पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यातले अंतर या गटात फार मोठे होते. दुसरा फरक मोजणीच्या सुरुवातीचा. भ्रूण गर्भाशयात सोडलेल्या फेऱ्याच मोजल्या तर ज्यांच्या फेऱ्या आधीच थांबल्या त्या स्त्रिया हिशेबातून गळतात. फॉलिकल न वाढणे, बीज न मिळणे आणि फलन न होणे हे अडथळे शक्यता कमी असलेल्या गटातच सर्वाधिक येतात. डोनरच्या, म्हणजे दुसऱ्या स्त्रीने दिलेल्या बीजांवर झालेल्या गर्भधारणा त्याच सरासरीत मिसळल्या तर स्वतःच्या बीजांवर उपचार घेणाऱ्या स्त्रीसाठी त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. तिच्या उपयोगाचा आकडा एकच असतो : तिच्या वयाच्या, तिच्याइतका साठा असलेल्या किती स्त्रियांनी स्वतःच्या बीजांवर फेरी सुरू केली आणि त्यांतल्या किती जणींच्या घरी मूल आले.

ब्रिटनमध्ये प्रत्येक आयव्हीएफची नोंद सरकारी नियामक संस्थेकडे होत असल्याने तिथले आकडे विश्वासार्ह मानले जातात. तिथल्या १,५६,९४७ स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका वेळच्या इंजेक्शनांतून मिळालेले ताजे आणि गोठवलेले सगळे भ्रूण मिळून एक फेरी धरली, तर पहिल्या फेरीत मूल होण्याचे प्रमाण २९.५ टक्के होते. काही जणी मध्येच उपचार सोडतात हे गृहीत धरूनही सहा फेऱ्यांअखेर ते ६५.३ टक्क्यांवर गेले. ४० ते ४२ वर्षांच्या स्त्रियांत पहिल्या फेरीचे प्रमाण १२.३ टक्के आणि सहा फेऱ्यांचे ३१.५ टक्के होते. बेचाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांत कोणत्याही एका फेरीत चार टक्क्यांपेक्षा अधिक यश मिळाले नाही. चाळिशीच्या उंबरठ्यावर चिकाटीने फेऱ्या केल्यास काही फळ मिळते; त्रेचाळिशीनंतर त्याच चिकाटीला फारसे फळ येत नाही, असे या आकड्यांवरून दिसते.

कमी प्रतिसाद आल्यावर पहिला विचार औषधाची मात्रा वाढवण्याचा होतो. पण संप्रेरकाची इंजेक्शने नवी फॉलिकल निर्माण करत नाहीत, त्या महिन्यात उपलब्ध असलेल्यांनाच वाढवतात. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑप्टिमिस्ट चाचणीत प्रतिसाद कमी येईल असा अंदाज असलेल्या स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला रोज १५० युनिट आणि दुसऱ्याला २२५ किंवा ४५० युनिट औषध दिले. दीड वर्षात मूल होण्याचे प्रमाण वाढीव मात्रेच्या गटात ४२.४ टक्के आणि नेहमीच्या मात्रेच्या गटात ४४.८ टक्के आले. खर्च मात्र वाढला. त्याच देशात ३९४ स्त्रियांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीत सौम्य औषधोपचाराचा निकाल भरपूर औषधांच्या तोडीचा आला. अशा स्त्रियांना ३०० युनिटपेक्षा अधिक मात्रा देऊ नये, असे युरोपीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

दुसरा मार्ग भ्रूण साठवण्याचा. दोन-तीन फेऱ्यांतून मिळालेले भ्रूण गोठवून एकत्र करायचे आणि मग गर्भाशयात सोडायचे, याला दवाखान्यांत ‘पूलिंग’ म्हणतात. शांघायच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये एकाच पाळीच्या चक्रात दोनदा इंजेक्शने देऊन दोनदा बीजे काढण्याची पद्धत मांडली. वेळ हातातून निसटत असलेल्या किंवा केमोथेरपी सुरू व्हायची असलेल्या स्त्रीचे महिने त्यामुळे वाचतात. बीज मात्र त्यामुळे तरुण होत नाही.

साठा कमी असलेल्या स्त्रियांच्या औषधांच्या चिठ्ठीवर डीएचईए, टेस्टोस्टेरॉनची जेल, ग्रोथ हार्मोन आणि कोएन्झाइम क्यू-टेन यांची नावे नेहमी दिसतात. काही लहान अभ्यासांत त्यांनी बीजांची संख्या किंचित वाढलेली आढळली, पण अधिक मुले जन्मल्याचा भक्कम पुरावा उभा राहिला नाही. युरोपीय संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनी यांतली पहिली तीन औषधे या गटात देण्याची शिफारस केलेली नाही. बीजांडकोशात स्वतःच्याच रक्तातले प्लेटलेट टोचण्याचा उपाय, म्हणजे पीआरपी, अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे. भ्रूण रुजावे म्हणून गर्भाशयाचे अस्तर आधी खरवडण्याची पद्धत जगभर पसरली होती. २०१९ मध्ये १,३६४ स्त्रियांच्या चाचणीत खरवडलेल्या आणि न खरवडलेल्या दोन्ही गटांत मूल होण्याचे प्रमाण २६.१ टक्केच आले आणि त्या पद्धतीचा आधार गेला.

भ्रूणाच्या काही पेशी काढून गुणसूत्रे तपासण्याच्या चाचणीला पीजीटी-ए म्हणतात. ती सदोष भ्रूण बाजूला काढते; चांगले भ्रूण तयार करत नाही. ३६ ते ४० वर्षांच्या स्त्रियांवर युरोपात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत भ्रूणाऐवजी बीजाच्या गुणसूत्रांची तपासणी केल्याने मुलांचे प्रमाण वाढले नाही, पण गर्भपात आणि निष्फळ ट्रान्सफर (भ्रूण गर्भाशयात सोडणे) कमी झाले. ज्या स्त्रीला अनेक भ्रूण मिळतात तिला या चाचणीचा उपयोग होतो. ज्या स्त्रीला एकच भ्रूण मिळाले आहे, तिच्या बाबतीत तपासणीत भ्रूणाला इजा होण्याचा किंवा निकाल अनिश्चित येण्याचा धोका तुलनेने जड होतो.

काही कारणे मात्र दुरुस्त होण्यासारखी असतात आणि ती आधी शोधणे महत्त्वाचे असते. गर्भनलिकेत पाणी साचले असेल तर ते गर्भाशयात झिरपून भ्रूणाला रुजू देत नाही. अशी नलिका आयव्हीएफपूर्वी काढल्यास किंवा बांधल्यास यश वाढते. गर्भाशयाच्या पोकळीत आलेल्या गाठी आणि पडदे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढता येतात. भारतात जननेंद्रियांचा क्षयरोग हे वंध्यत्वाचे एक मोठे कारण आहे. बंद झालेल्या नलिकांना आयव्हीएफ हा पर्याय असतो, पण क्षयाने अस्तर वाळून पोकळी चिकटली असेल तर औषधांनी जंतू गेले तरी अस्तर परत येईलच असे नसते. पुरुषाच्या वीर्यात शुक्राणू नसतील तर वृषणातून ते शोधता येतात. मार्ग बंद असल्यास ते बहुधा सापडतात. निर्मितीच होत नसेल तर सूक्ष्मदर्शकाखालच्या शस्त्रक्रियेत साधारण निम्म्या पुरुषांत सापडतात. ब्रसेल्समध्ये विकसित झालेल्या इक्सी या तंत्रामुळे १९९२ पासून एका बीजाला एक शुक्राणू पुरतो. वाय गुणसूत्राच्या ए किंवा बी या भागांचा पूर्ण तुकडा गळालेला असेल तर शुक्राणू सापडण्याची शक्यता जवळजवळ शून्य असते. त्यामुळे शस्त्रक्रियेआधी जनुकीय चाचणी करणे हिताचे ठरते.

स्वतःच्या बीजांवर यश येत नसेल तेव्हा निकालात सर्वांत मोठा फरक डोनरच्या बीजांनी पडतो. बीज दुसऱ्या तरुण स्त्रीचे असले की यशाचे प्रमाण दात्रीच्या वयावर ठरते आणि पंचेचाळीस वर्षांच्या स्त्रीलाही एका ट्रान्सफरमागे ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास शक्यता मिळते. गर्भाशय बीजांडकोशाइतक्या वेगाने म्हातारे होत नाही, हे यातून सिद्ध झाले. जगात अशी पहिली बाळे १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात जन्मली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलेल्या टेस्ट ट्यूब बेबीमागच्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी १९९१ मध्ये भारतात या पद्धतीने मूल जन्माला आणले. चाळिशीनंतरच्या, विशेषतः डोनरच्या बीजावरच्या गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा आणि बाळ लवकर जन्मण्याचा धोका अधिक असतो, म्हणून हृदय, रक्तदाब आणि साखर यांची तपासणी आधी करावी लागते. सरोगसीबद्दल इथे अनेकांचा गोंधळ होतो. गर्भाशय निकामी असेल तर सरोगसी उपयोगी पडते. अडचण बीजाच्या वयाची असेल तर दुसरीच्या गर्भाशयाने ती सुटत नाही.

भारतात या सगळ्याला २०२१ च्या दोन कायद्यांची चौकट आहे. ते २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहेत. सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. बीज देणारी स्त्री २३ ते ३५ वर्षांची हवी. ती आयुष्यात एकदाच बीजदान करू शकते आणि तिच्याकडून सातपेक्षा अधिक बीजे काढता येत नाहीत. जन्मलेले मूल कायद्याने उपचार घेणाऱ्या जोडप्याचेच जैविक अपत्य मानले जाते. सरोगसी कायद्याने व्यावसायिक सरोगसी बंद करून केवळ परोपकारी सरोगसीला परवानगी दिली आहे.

उपचार कुठे थांबवावा हा प्रश्न वैद्यकीय आहे तसाच नैतिकही आहे. अमेरिकेतील प्रजनन वैद्यकशास्त्राच्या संघटनेच्या नीतिसमितीने त्यासाठी आकड्यांच्या रेषा आखल्या आहेत. एका फेरीत मूल होण्याची शक्यता एक टक्का किंवा त्याहून कमी असेल तर तो उपचार निष्फळ मानावा आणि एक ते पाच टक्क्यांदरम्यान असेल तर शक्यता अत्यंत कमी मानावी. निष्फळ उपचाराला डॉक्टर नकार देऊ शकतात. अत्यंत कमी शक्यतेच्या बाबतीत खरे आकडे सांगून, पर्याय मांडून, रुग्णाने समजून-उमजून घेतलेल्या निर्णयाला मान द्यावा. आपल्या दवाखान्याचे आकडे चांगले दिसावेत म्हणून तिला परत पाठवू नये आणि पैशांसाठी खोटी आशाही लावू नये, अशी त्यामागची भूमिका आहे.

भारतात आयव्हीएफचा खर्च बहुतेक जोडप्यांना स्वतःच्या खिशातून करावा लागतो. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ पासून मिळणाऱ्या मोफत उपचारांसारख्या सरकारी सोयी थोड्या आहेत. त्यामुळे फेऱ्या किती करायच्या, पहिल्या फेरीत किती बीजे आली तर दुसरी करायची आणि डोनरचा पर्याय मान्य आहे की नाही, हे पहिल्या इंजेक्शनाआधीच ठरवलेले बरे असते. फेरी फसल्यावरच्या दुःखात हा निर्णय घेणे अवघड जाते आणि बहुधा ‘अजून एकदा’ हाच कौल पडतो. दोन-तीन वर्षांच्या विलंबाचा फटका दत्तक घेण्यालाही बसतो. २०२२ च्या दत्तक नियमांनुसार दोन वर्षांपर्यंतचे मूल हवे असेल तर पती-पत्नीच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा अधिक चालत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ही मर्यादा ९०, चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी १०० आणि त्यापुढच्या मुलासाठी ११० आहे. म्हणून चाळिशीतल्या जोडप्याने दत्तकाची माहिती उपचार संपण्याची वाट न पाहता, उपचार सुरू असतानाच घेऊन ठेवणे फायद्याचे असते.